दावणीचं यीस्ट

अंकुश, गेल्या मंगळवारी सकाळी बीडच्या दवाखान्यात तुझं निधन झालं. त्याच दिवशी दुपारी अंत्यसंस्कार झाले. आमच्या पेपरच्या बुधवारच्या अंकात पान तीनवर एका कॉलमात, फोटोसह, बातमी आली. तिच्यातलं शेवटून दुसरं वाक्य असं आहे : ‘दुष्काळाच्या काळात त्यांनी सहकारी साखर कारखान्यात ज्वारीपासून इथेनॉल तयार करण्याचा प्रयोग केला होता, मात्र तो अयशस्वी ठरला.’

बातमी डेस्कवरच्या सहकाऱ्याने लिहिली. जुने अंक काढून त्याने माहिती जमवली आणि ते वाक्य माझ्याच त्या वेळच्या बातमीतून उचललं. पान सोडण्याआधी मजकूर माझ्यासमोर आला. मी तुझं वय तपासलं, गावाचं नाव दुरुस्त केलं आणि ते वाक्य तसंच जाऊ दिलं. वाक्यात चूक नव्हती. प्रयोगातले यीस्टचे मणी विरघळले होते, संचालकांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं.

ते का विरघळले, हे मला माहीत होतं. वाक्यात ते नव्हतं.

यावरून तू मला आयुष्यभर बोललास. स्टँडसमोरच्या हॉटेलात पेपर उलगडून म्हणायचास, “तुझ्या बातमीत समदं हाय बे. कोण, कुठं, कवा. कावून तेवढं न्हाई.” मी म्हणायचो, कावून, म्हणजे का झालं ते, बातमीत घालायला दुजोरा लागतो. तू म्हणायचास, मग दुजोरा मिळेपर्यंत थांबत जा. मी म्हणायचो, पान थांबत नाही. इथवर आलं की चहा संपलेला असायचा.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. ऊस नव्हता, त्यामुळे गाळप नव्हतं. गाळप नाही म्हणून मळी नाही, आणि मळी नाही म्हणून तू रसायनतज्ज्ञ होतास ती कारखान्याची डिस्टिलरी बंद. गावोगाव चारा छावण्या लागल्या होत्या. जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर लोकांनी ज्वारी काढली, आणि ऐन काढणीला अवकाळी पाऊस पडला. ज्वारी काळी पडली. मोंढ्यात कुणी व्यापारी तिला हात लावेना. छावणीतली जनावरंही तिच्यापासून तोंड फिरवत होती. त्यातली मूठभर ज्वारी तू माझ्या टेबलावर, अर्ध्या लिहिलेल्या बातमीवर, आणून ओतलीस. म्हणालास, दाणा काळा पडला तरी आतलं पिष्ट जिवंत आहे. पिष्टाची साखर होते, साखरेचं अल्कोहोल होतं, ते पेट्रोलात मिसळता येतं. मळीची वाट बघत बसायचं कशाला?

मी विचारलं, मग आजवर कुणी केलं का नाही? तू म्हणालास, पाण्यामुळे. पिष्टाची साखर करायला एन्झाइम लागतं, साखरेचं अल्कोहोल करायला यीस्ट लागतं. दोन्ही टाकीत ओतायची, काम झालं की दोन्ही पाण्याबरोबर निघून जातात. मग टाकी धुवा, नवं यीस्ट वाढवा, पुन्हा भरा. कारखान्याला पाणी टँकरने येत होतं. तुला ती दोन्ही जागेवर धरून ठेवायची होती, म्हणजे एकदा तयार केलेलं यीस्ट आणि एन्झाइम पुन्हा पुन्हा वापरता आलं असतं.

त्याला शब्द काय, असं मी विचारलं. तू पुस्तकातला शब्द सांगितलास : अचलीकृत सूक्ष्मजीव. मी म्हणालो, हा शब्द पाहून वाचक पान उलटेल. आपण तेव्हा उमापूरच्या रस्त्याला एका छावणीबाहेर उभे होतो. तू आत बघितलंस आणि म्हणालास, “मोकळं जनावर चरत चरत शिवंबाहेर जातंय. दावणीला बांधलं की जाग्यावर ऱ्हातंय. चारा म्होरं आणायचा अन् दूध काढून घ्यायचं. तसं हाय बघ.”

दुसऱ्या दिवशीचा मथळा होता, ‘दावणीचं यीस्ट देणार इंधन’. तो तू कापून प्रयोगशाळेच्या कपाटाला आतून चिकटवलास. कारखान्यात सगळे त्या प्रयोगाला दावणच म्हणायला लागले. मथळा लोकांच्या तोंडी बसला याचा मला अभिमान होता. आता तो आठवला की मी दुसऱ्या कामाला लागतो.

मणी कसे होतात ते तू मला करून दाखवलंस. समुद्री शेवाळाची पूड पाण्यात भिजवली की तिचा चिकट गोंद होतो. त्यात यीस्ट आणि एन्झाइम कालवायचं आणि तो गोंद कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचा. थेंब पाण्यात पडला की जागीच घट्ट होतो आणि त्याचा मणी बनतो. यीस्ट आत अडकतं, साखर मात्र आतबाहेर करू शकते. थेंब सोडायला तू सलाइनच्या नळ्या आणल्यास. औषध दुकानदाराने काळजीने विचारलं होतं, कारखान्यावर एवढं कोण आजारी आहे. मणी अगदी साबुदाण्यासारखे दिसायचे. एकादशीला तू बरणी कुलपात ठेवायचास.

संचालक मंडळाची ती बैठकही मला नीट आठवते, कारण मी तिची बातमी केली होती आणि तिच्यातला सगळ्यात चांगला भाग गाळला होता. तू प्रत्येक संचालकासमोर कोरड्या भाकरीचा तुकडा ठेवलास आणि सांगितलंस, तोंडात धरा, चावा, गिळू नका. चेअरमन म्हणाले, “अंकुशराव, भाकरीसंगं कोरड्यास तरी आणायचं. मिटिंगला बोलावलं का उपासाला?” पण त्यांनीही तुकडा उचलला. जिल्ह्यातली वजनदार माणसं गोल टेबलाभोवती मुकाट भाकरी चावत बसली होती. एकाची कवळी नवी होती, तो हाताने जबडा धरून चावत होता. मग कुणीतरी म्हणालं, गोड लागतंय की. तू म्हणालास, “ते तुमच्या थुंकीचं काम हाय. तिच्यात एन्झाइम असतंय. पिष्टाची साखर झाली. एवढंच मला मोठ्या भांड्यात करायचं हाय.” ठराव हसतखेळत मंजूर झाला. मी फक्त ठराव छापला.

आपलं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं. मी तुला म्हणत होतो, आज काळी ज्वारी आहे म्हणून ठीक. उद्या भाव मिळाला तर चांगलीही त्याच भांड्यात जाईल. दुष्काळी जिल्ह्यात धान्य जाळायची सवय लावू नकोस. तू म्हणायचास, उद्याचं उद्या बघू, आज हे दाणे उकिरड्यावर चाललेत ते तुला दिसत नाहीत का. एकदा चिडून म्हणालास, “तुला भाकर दिसती, मला शेतकरी दिसतोय. दोघांचं बी खरं हाय, पण तू पेपरात फकत तुझं लिवणार.” आता धान्यापासून इथेनॉल करणारे मोठे कारखाने उभे राहिले आहेत आणि तिथे चांगलं धान्यही जातं. दिवाळीनंतर हॉटेलात मी तो विषय काढला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, परवा नीट बोलू. त्यानंतर तू दवाखान्यातच होतास. तू काय बोलणार होतास, ते मला माहीत नाही.

सोपान नानांबद्दल मात्र आपण एकदाच बोललो.

नाना डिस्टिलरीत टाक्यांवरचे ऑपरेटर होते. तू नोकरीला लागलास तेव्हा त्यांनीच तुला टाकीच्या काठावर वाकून वास घ्यायला शिकवलं. मळी आंबवताना यीस्टला थोडं डीएपी देतात, शेतात टाकतात तेच खत. नानांनी नोकरीभर ते दिलं. आपल्या पाळीत टाकी कधी नासू दिली नाही, हे ते सगळ्यांना सांगायचे आणि ते खरं होतं. तू मणी मोठ्या नळकांड्यात भरायला घेतलेस तेव्हा नाना रजेवर होते. त्यांचे बैल छावणीत होते आणि छावणीत राहायला घरचा एक माणूस लागायचा. त्यामुळे नळकांड्यात आपण देऊ त्याशिवाय काही टाकायचं नाही, हे तू बाकीच्यांना सांगितलंस तेव्हा नाना तिथे नव्हते. ते परत आले प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळच्या पाळीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन, संचालक आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचे साहेब आले. मीही होतो. माणसाच्या उंचीचं पारदर्शक नळकांडं, खालून ज्वारीचं गोड पाणी चढायचं, मण्यांमधून जायचं आणि वरून अल्कोहोल घेऊन बाहेर पडायचं. आधीचे सगळे दिवस ते तसं चाललं होतं. मी दोनदा येऊन पाहिलं होतं. त्या सकाळी नळकांड्यात मणी नव्हते. तळाला शेंबडासारखा गोळा बसला होता आणि वर गढूळ पाणी होतं. चेअरमन वाकून बघत म्हणाले, “अंकुशराव, साबुदाण्याची खीर झाली की हो.” सगळे हसले. तू हसला नाहीस. संस्थेच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. मी लिहून घेतलं.

बातमी चार परिच्छेदांची झाली. मथळ्यात ‘फसला’ हा शब्द होता.

त्यानंतरच्या आठवड्यात तू मला कपिलधारला घेऊन गेलास. धबधब्याच्या जागी नुसता कातळ होता. दर्शनाला आलेली माणसं तो बघून परत फिरत होती. आपण सावलीत बसलो आणि तू सांगितलंस. मण्यांची भिंत कॅल्शियमवर उभी असते. डीएपीतलं फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेतं. कॅल्शियम गेलं की भिंत सुटते. नानांनी संध्याकाळी नळकांड्याला पाणी पुरवणाऱ्या टाकीत डीएपी टाकलं, आणि कमी पडायला नको म्हणून पुन्हा टाकलं.

मी विचारलं, नानांनी कबूल केलं का. तू म्हणालास, “कबूल कशाचं, खुशीत सांगितलं त्यांनी. म्हणले, पेपरात आलंय दावणीला बांधलंय म्हणून. बांधलेल्या जनावराला चारा आपुनच टाकायला पायजे, ते कुठं जाणार हाय? सकाळी पावणे येणार, उपाशी कसं उभं करायचं?”

“मग तू काय म्हणालास?”

“बरं केलं म्हणलो.”

मी म्हणालो, उद्याच्या अंकात हे आलं पाहिजे. पद्धत फसली नाही, एक चूक झाली, एवढं लिहिलं तरी तुला पुन्हा संधी मिळेल. तू म्हणालास, हे छापलंस तर पहिली नोकरी नानांची जाईल, कारखाना माणसं कमी करायला निमित्तच शोधतोय. मी म्हणालो, नाव न घेता लिहितो. तू म्हणालास, त्या पाळीला दुसरं होतं कोण? नोकरी एक वेळ जाऊ दे, पण त्या माणसाला हे कळता कामा नये. “छावणीतून आला तो, बे. बैलं हाडाला टेकलेली बघून आला. त्याला कसं सांगू, तू खायला घातलंस म्हणून मेलं?”

मग म्हणालास, नाना आहेत तोवर नाही. मी हो म्हणालो.

तरीही तू दुसऱ्या प्रयोगाची परवानगी मागितलीस. त्या बैठकीलाही मी होतो. चेअरमननी विचारलेला प्रश्न वाजवी होता : मागच्या वेळी फसलं, या वेळी वेगळं काय करणार? तुझ्याकडे उत्तर होतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मग म्हणालास, काळजी घेऊ. एका संचालकाने विचारलं, म्हणजे मागच्या वेळी घेतली नव्हती का. विषय तिथेच संपला. मी लिहिलं, ‘रसायनतज्ज्ञांच्या खुलाशाने संचालकांचे समाधान झाले नाही.’ त्या वाक्यातलाही प्रत्येक शब्द बरोबर होता.

पुढे कारखाना भाड्याने गेला. नाना वयाने निवृत्त झाले, हार घालून घेऊन घरी गेले. तू त्या समारंभात बोललास की, नानांच्या पाळीत एकही टाकी नासली नाही. मी मागच्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

तुझ्यामुळे मला पत्रकार म्हणून जे थोडंफार नीट करता आलं, त्याची यादी मी इथे देणार नाही. धरणातल्या पाण्याचा आकडा चुकला की सकाळी पहिला फोन तुझा असायचा. ‘केमिकल’ हा शब्द शिवीसारखा वापरणं मी थांबवलं ते तुझ्यामुळे. याचे आभार मी मानले नाहीत. तुला तसलं बोलणं आवडत नाही, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधी नव्हतं.

गुरुवारी राख सावडून आल्यावर सुनंदा वहिनींनी मला आत बोलावलं. बुधवारचा पेपर त्यांच्याजवळ होता. त्या रडत नव्हत्या. “भावजी, तुमी तवा तिथं होतात. ह्यांचं नेमकं काय चुकलं होतं? मी लई येळा विचारलं. जाऊ दे म्हणायचे. तुमच्या पेपरात बी तेच आलं, अयशस्वी. आता मला कोण सांगणार?”

मी म्हणालो, तांत्रिक अडचण आली होती. कारण माहीत नसलं की हा शब्द आम्ही बातमीत घालतो. मला कारण माहीत होतं. वहिनी बरं म्हणाल्या आणि पेपरची घडी घातली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असावा.

रविवारी दुपारी मी लिंबागणेशच्या अलीकडे नानांच्या गावी गेलो. नाना आता भिंतीला धरून चालतात, म्हणून तुझ्या अंत्ययात्रेला आले नव्हते. त्यांना बातमी सुनेने वाचून दाखवली होती. मला बघून म्हणाले, पत्रकारसाहेब, म्हातारे मागं ठिवून तरणे कावून चाललेत, हे जरा पेपरात इचारा. मग तुझ्याबद्दल बोलत राहिले. तू साहेब झालास तरी टाकीत वाकून वास घ्यायचास आणि शर्टाला डाग पाडून घ्यायचास. सुनेने चहा आणला. बशीत चहा ओतता ओतता नाना म्हणाले, “एक मातर कळलं न्हाई. ते मणी कावून इरघळले? म्या तर आदल्या सांजंला खाऊ बी घातलं होतं त्यांला.”

मला गप्प बसता आलं असतं. तू गप्पच बसला होतास, इतकी वर्षं.

मी सांगितलं. कॅल्शियम, फॉस्फेट, मण्यांची भिंत. तू कपिलधारला सांगितलंस त्याच शब्दांत. तुला दिलेला शब्द मोडला. नाना आहेत, हे दिसत असताना मोडला. माझं एक वाक्य दुरुस्त करायचं होतं, आणि त्याची किंमत मी भिंतीला धरून चालणाऱ्या माणसाकडून घेतली. हे तुला सांगायला हवं, म्हणून हा मजकूर आहे.

नानांनी बशी खाली ठेवली. विचारलं, “अंकुशला ठावं होतं?”

“हो.”

“कवापासनं?”

“त्याच दिवसापासून.”

सून दारात उभी होती. नानांनी तिला आत जायला सांगितलं नाही. मग म्हणाले, “अन् मला बरं केलं म्हणला.” नंतर त्यांनी यीस्टचं विचारलं, ते मेलं का म्हणून. मी म्हणालो, मेलं नाही. मणी सुटले, यीस्ट पाण्यासोबत वाहून गेलं. नाना म्हणाले, “म्हंजी दावण तुटली.”

मी म्हणालो, नाना, हे छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ते म्हणाले, “छाप. नुसतं नाना नगं लिवू, जगात लई नाना हायेत. पुरं नाव लिव, गावासकट. त्याच्या नावाम्होरं ते अयशस्वी किती दिस ठिवता?” मग सुनेला म्हणाले, उद्या गाडी सांग, बीडला जायचंय.

बुधवारच्या त्या वाक्याची दुरुस्ती आजच्या अंकात पान तीनवर आहे. तिच्यात कारण दिलं आहे आणि नानांचं पूर्ण नाव, गावासकट, दिलं आहे.

काल, सोमवारी, नाना सुनेला घेऊन तुझ्या घरी गेले. मी गेलो नव्हतो. पुढचं सुनेने फोनवर सांगितलं. तिला ओट्यावर बसवून नाना एकटेच भिंतीला धरत आत गेले. आत ते वहिनींशी काय बोलले आणि वहिनी काय म्हणाल्या, हे दोघांपैकी कोणीही सांगितलेलं नाही. परत निघताना वहिनी त्यांना गाडीपर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, गुरुवारी दहाव्याला गाडी पाठवते.